आधी पाणी

अकोल्याहून अकोटला निघालं की वाटेत गांधीग्रामला पूर्णा लागते. जायचं आहे नरनाळ्यावर, पण मननाची सुरुवात इथूनच करू. पुलावर गाडी उभी करता येत नाही, म्हणून मनातच थांबा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी ह्याच नदीचं पाणी कावडीत भरून हजारो माणसं रातोरात अनवाणी चालत अकोल्याच्या राजराजेश्वराकडे जातात. खांद्याला घट्टे पडतात, पायाला फोड येतात, पण कावड खाली टेकू देत नाहीत.

आणि ह्याच नदीच्या दोन्ही अंगांच्या काळ्या जमिनीत विहीर खणली, तर पाणी खारं लागतं. हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा ह्या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलाय. डोळ्यांसमोर विहीर आहे, तिच्यात पाणी आहे, आणि ते पिता येत नाही. पिकाला दिलं तर काही वर्षांत जमीनच बसते, नांगर लागू देत नाही. अशा मुलखात पिढ्यान्‌पिढ्या प्यायचं पाणी दुरून डोक्यावर आलं. तिथे दारात आलेल्याच्या हातात पाण्याचा पेला देणं म्हणजे काय देणं होतं, ह्याचा अंदाज घ्या. घाई नाही. एका घागरीला किती पावलं लागत असतील, ती पावलं मनात टाकून बघा.

अकोट मागे पडलं की जमिनीचा रंग आणि चव दोन्ही पालटतात. केळीच्या बागा दिसायला लागतात, संत्र्याच्या दिसतात, आणि उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग उभी राहते. पोपटखेड गेलं की रस्ता अरुंद होतो. फाल्गुन महिना धरू. होळी होऊन दोन-तीन दिवस झालेत. पळस पेटलेला आहे, सागाला पान नाही, मोहाच्या झाडाखाली सकाळी सकाळी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या आहेत.

अशात रस्त्यावर दोर आडवा येतो.

दोराचं एक टोक झाडाला बांधलेलं, दुसरं चार-पाच कोरकू पोरांच्या हातात. बाजूला दोन-तीन बाया, गालाला गुलाल. फगवा मागायला उभ्या आहेत. मेळघाटात होळीनंतरचे काही दिवस असेच दोर जागोजागी लागतात. दहा-वीस रुपये द्या, दोर खाली पडतो, मागून हसण्याचा आवाज येतो. नाही दिले तरी थोडी घासाघीस होऊन दोर पडतोच.

इथे एक गोष्ट तपासा, अगदी प्रामाणिकपणे. दोर दिसला त्या क्षणी तुमचा हात कुठे गेला? खिशाकडे, की काच वर करायच्या बटणाकडे? काच वर गेली असली तरी स्वतःवर चिडू नका. फक्त हात कुठे गेला होता ते लक्षात ठेवा. आज दिवसभर आपल्याला दरवाजेच बघायचे आहेत, आणि त्यातला हा पहिला.

दुसरा लागतो शहानूरला, गडाच्या पायथ्याशी. वनखात्याचा नाका. मेळघाट हा १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक, आणि नरनाळ्याचं अभयारण्य आता त्याच्याच कारभारात येतं. नाव, गाव, गाडीचा नंबर, किती जण, किती वाजता खाली येणार. एवढा मोठा किल्ला, इतके दरवाजे, आणि त्यातला आज खरोखर चालू असलेला म्हणाल तर हा एकच: आडवा लोखंडी दांडा आणि शेजारी वही घेऊन बसलेला गार्ड. तो गार्ड बहुतेक वेळा हसतमुख असतो. वही पुढे करताना तो तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि वर प्यायचं पाणी मिळणार नाही, बाटल्या भरून घ्या, असं सांगतो. वहीत नाव लिहिताना पेन जरा सावकाश चालवा. ‘कोण?’ हा प्रश्न ह्या डोंगराने किती शतकं, किती जणांना विचारला असेल.

आता चढ. गाडीरस्ता वळणावळणाने जातो. शहानूर दरवाजा येतो, मग मेहंदी दरवाजा. ह्या दोघांवरून आपण लवकर पुढे जाऊ, कारण सगळा वेळ तिसऱ्याला द्यायचा आहे.

महाकाली दरवाजा.

डोंगर सगळा काळ्या कातळाचा, आणि हा दरवाजा मात्र पांढरट वालुकाश्माचा. समोर उभे राहा आणि नजर खालून वर न्या. कमानीच्या खांद्यांवर दगडी कमळं. दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे, त्यांना दगडी जाळ्या. ह्या जाळ्या नीट बघा. एकीची नक्षी दुसरीसारखी नाही. कारागिराला साचा वापरता आला असता. त्याने तो वापरला नाही. कोपऱ्यावरच्या एका जाळीत बोटाएवढ्या पट्ट्या एकमेकींच्या खालून-वरून गेल्यासारख्या कोरल्यात, विणलेल्या वाटाव्यात अशा. बोट लावावंसं वाटेल. लावू नका, आपल्याच लोकांनी बदाम काढून नावं कोरून ठेवलीत तेवढं पुरे झालं.

वर अरबी अक्षरांची ओळ आहे. तिच्यात कुराणातली वचनं आहेत, बहमनी सुलतान महमूदशहाचं नाव आहे, त्याच्या पूर्वजांची नावं आहेत आणि साल आहे: हिजरी ८९२, म्हणजे इसवी सन १४८७. अशा दरवाज्याला लोक महाकाली म्हणतात. कुराणाची अक्षरं डोक्यावर आणि देवीचं नाव तोंडात, असा तो शतकानुशतकं उभा आहे, आणि त्यात कुणाला काही अडचण आलेली दिसत नाही. ह्यावर भाषण करायचा मोह मला होतो. पण आपण मननाला आलो आहोत, सभेला नाही. नुसतं बघा.

आता आत या आणि पहारेकऱ्यांच्या देवडीत बसा. दगड गार लागेल. पाठ भिंतीला टेकवा. कमानीतून बाहेरचा उजेड दिसतोय तिकडे तोंड करा. तुम्ही आता पाहुणे नाही. तुम्ही १४८७ सालचे पहारेकरी आहात. संध्याकाळ होत आली आहे, आणि खालून एक माणूस धापा टाकत चढतो आहे. एकटाच. खांद्यावर गाठोडं. चेहरा ओळखीचा नाही.

तुमचे खांदे कुठे गेले ते बघा. जबडा बघा. हात भाल्याकडे गेला का?

ह्या पहारेकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याच्या आधी पन्नास वर्षं, १४३७ मध्ये, खानदेशचा नासीरखान फारुकी वऱ्हाडावर चालून आला होता आणि वऱ्हाडचा सुभेदार खान-ए-जहान जीव वाचवायला ह्याच गडाच्या आत येऊन बसला होता. त्या पहारेकऱ्याच्या बापाने ते पाहिलं असेल. संशय त्याला हवेतून लागलेला नाही. त्याचं पोट त्या संशयावर चालतं, आणि आतल्या सगळ्यांची झोपही. श्वास सोडा, आणि त्याला त्याच्या जागी राहू द्या. तो पुढे आपल्याला पुन्हा भेटेल.

तुम्ही देवडीतच बसा. मी तोवर हा दरवाजा ज्याच्या अमलात उभा राहिला त्याची गोष्ट सांगतो. फतहुल्ला. विजयनगरच्या मुलखातून लढाईत पकडून आणलेलं पोर. घराणं कानडी ब्राह्मणाचं होतं असं जुने इतिहासकार लिहितात. वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी ते वाढलं, मुसलमान झालं, शहाणं झालं, शूर झालं, आणि शेवटी स्वतःच वऱ्हाडचं सुभेदार झालं. १४९० मध्ये बहमनी राज्य खिळखिळं झालेलं पाहून त्याने वऱ्हाड आपल्या नावावर केलं. एलिचपूरची इमादशाही ती हीच. तिकडे पूर्वेला, चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यावर त्याच्या काळातली शिल्पं आहेत: सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड. गंडभेरुंड म्हणजे दक्षिणेकडची, विजयनगरच्या मुलखातली खूण. ती तिथे का कोरली गेली ह्याचा कागद कुणाकडे नाही. पण कल्पना करून बघा: ज्या पोराला बांधून एका अनोळखी मुलखाच्या दरवाज्यातून आत ढकललं होतं, त्याच्या हुकमाने आता त्या मुलखाचे दरवाजे बांधले जातात. दरवाज्यावर काय कोरायचं, असं पाथरवट विचारतो. तो क्षणभर गप्प राहिला असेल की नाही?

त्याच्या वंशाचा शेवटही ह्याच गडावर झाला. बुऱ्हाण इमादशहा हा लहान मुलगा गादीवर होता, आणि तुफालखान नावाच्या त्याच्याच कारभाऱ्याने त्याला नरनाळ्यावर कोंडून ठेवलं. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने ते निमित्त करून वेढा घातला. १५७४ मध्ये गड पडला. तट फोडून कमी आणि आतले लोक फितवून जास्त. बाहेरच्याला अडवण्यासाठी बांधलेले हे दरवाजे शेवटी आतल्या एका पोराला अडवायच्या कामी आले. कुलपाला काय, दोन्ही बाजू सारख्याच.

उठा आता. पाय मोकळे करा.

वर पठार आहे. समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरवर गेलेला हा डोंगर माथ्यावर मात्र ऐसपैस आहे. मुख्य नरनाळा आणि त्याला जोडून जाफराबाद आणि तेलियागड हे दोन उपदुर्ग, असा सगळा पसारा. राणी महाल आहे, त्याच्यासमोर मशीद आहे, गवतात पडलेली लांबलचक तोप आहे, तिला नऊगजी म्हणतात. हे सगळं बघा, फोटो काढा. मला तिथे रेंगाळायचं नाही. मला तळ्याकाठी जायचं आहे.

ऐने अकबरीत अबुल फजलने वऱ्हाडच्या सुभ्याची माहिती देताना ह्या गडावर पुष्कळ इमारती आहेत असं नोंदवलंय. त्या इमारतींतल्या बहुतेक आता ढिगाऱ्याच्या रूपात आहेत. आणि तळी? कित्येक तळी आहेत ह्या माथ्यावर, आणि त्यांतली काही फाल्गुनातच काय, वैशाखातही कोरडी पडत नाहीत. त्यांतलं शक्कर तलाव लोकांच्या तोंडी सगळ्यात जास्त. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर ह्यात अंघोळ केली की माणूस बरा होतो, अशी जुनी समजूत. (कुत्रं चावलं तर आधी अकोटच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या. तलाव पळून जात नाही.)

काठावर बसा. पाणी हिरवट आहे. उन्हाळा लागल्यामुळे कडेची ओल मागे सरकलीय, आणि तिथल्या गाळावर खुरांचे ठसे उमटलेत. सांबराचे असतील, गव्याचेही असतील. ह्या पाण्याला आता माणसांचा हिशोब राहिलेला नाही. तरी ते माणसांनीच अडवलेलं आहे, हे विसरू नका. कातळाला पाणी फार मुरवता येत नाही, हे इथल्या लोकांनी कधीतरी हेरलं. पठाराचा उतार कुठे जमतो ते पावसात उभं राहून पाहिलं. तिथे बांध घातला. एवढंच. ह्या बांधावर कुणाच्या नावाची अक्षरं नाहीत.

जरा पलीकडे दगडी फरसबंदीसारखा एक ओटा दिसतो, आणि त्यात चौकोनी भोकं. खाली पाण्याची टाकी आहेत, कमानींवर तोललेली. इंग्रजांच्या गॅझेटियरात ही मुसलमानी अमलाआधीची, जैनांनी बांधलेली असावीत असा तर्क आहे. गावातले लोक त्यांना तेला-तुपाची टाकी म्हणतात. त्या एका भोकाशी गुडघे टेकून वाका. आधी काही दिसणार नाही. मग थंड हवेचा झोत तोंडावर येईल, वटवाघळांचा उग्र वास येईल, आणि डोळे सरावले की खाली कमानीचा एक तुकडा आणि त्याचं पाण्यातलं उलटं रूप दिसेल. वर ऊन भाजतंय, आणि हातभर खाली हे. तोंडाने हलका आवाज करा. खालून उत्तर येतं, थोडं उशिरा.

इथे मोठं मनन करायचं आहे, म्हणून थोडं थांबून.

गड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तट येतो, बुरूज येतो, दरवाजा येतो. पण ज्या डोंगरावर पाणी नाही त्याला तट घालून कुणी गड केलेला नाही. पाणी आधी सापडलं, तट नंतर आला. गाविलगड हे नावच मुळी गवळ्यांचं, असं परंपरा सांगते. गुरं घेऊन डोंगर चढणाऱ्याला पाणी कुठे टिकतं ते राजाच्या आधी कळत असणारच. अहमदशहा वली बहमनी १४२५च्या सुमारास एलिचपुरात मुक्काम ठोकून होता, तेव्हा त्याने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. गाविलगडाचं श्रेय त्याच्या नावावर गेलं, ठीक आहे. पण तो चढून आला तेव्हा त्याला तहान लागली असेल, आणि वर कुणीतरी त्याला पाणी दाखवलं असेल. बखरीत न आलेला तो माणूस डोळ्यांपुढे आणा. हातात काठी. बोट तळ्याकडे.

आणि पाण्याचंही माणसांनी काय केलं बघा. गाविलगडावरच्या एका झऱ्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात, असं ऐने अकबरीत आहे. तापून लाल झालेलं पातं झऱ्यात बुडवायचं, म्हणजे धार टिकते. तहान भागवायच्या पाण्यात तलवारीही भिजल्या.

आता बसल्या जागेवरून मनाने पूर्वेला जाऊ, गाविलगडाकडे. डोंगराच्या धारेधारेने. १८०३ साल. डिसेंबरची थंडी. २९ नोव्हेंबरला खाली अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली आहे, तेच हे तेल्हाऱ्याकडचं अडगाव. आता आर्थर वेलस्ली गाविलगडाच्या दक्षिणेला येऊन थांबलाय. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. दक्षिणेकडून कडा सरळसोट, तिथून काही होणारं नाही. पण उत्तरेला गड एका चिंचोळ्या पट्टीने चिखलदऱ्याच्या पठाराला जोडलेला आहे. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनने तोफा घेऊन डोंगराला वळसा घातला. तीस मैल. रस्ता नव्हता; करत करत गेले. बैलांनी आणि माणसांनी तोफा ओढल्या. १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे लागले, १३ला मारा सुरू झाला, १५ला बाहेरच्या तटाला खिंडार पडून फौज आत शिरली. आतला तट अजून उभा होता. त्यावर कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळीतून शिडी लावली, वर चढून आत उतरले, आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह तिथेच पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. तहात वऱ्हाडचा मोठा मुलूख गेला, पण नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडेच राहिले. पुढे १८५८ मध्ये तात्या टोपे इकडे आला तर त्याच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनीच गाविलगडाची तटबंदी पाडून टाकली.

बेनीसिंगाचं मला नेहमी वाईट वाटतं. वेलस्लीवर ढीगभर पुस्तकं आहेत, ह्याचं नाव अमरावतीत दहा जणांना विचारलं तर आठांना सांगता येणार नाही. पण मननात मला त्याचं मरण पुन्हा पुन्हा उगाळायचं नाही. देवतलाव आणि खानतलाव मात्र अजून गडावर आहेत. शिडीने दरवाजा उघडला, तोफांनी तट गेला, फितुरीने नरनाळा गेला. तळ्यांना शिडी लावता येत नाही.

पठाराच्या दक्षिण कडेला चला. सांभाळून, गवतावर पाय घसरतो. खाली सगळं वऱ्हाड पसरलेलं दिसतं, फाल्गुनातलं धुरकट. गहू-हरभरा निघालेला, पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले. ह्या पसाऱ्यात दोन गावं मनाने शोधा. डोळ्यांना ती ह्या धुरात दिसायची नाहीत.

एक अकोटजवळची अकोली. गजानन महाराजांची गोष्ट वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: ऐन उन्हाळ्यात महाराज भास्कर पाटलाच्या वावरात आले, पाणी मागितलं, आणि भास्कराने दिलं नाही. दिलं नाही ते नाहीच, वर दोन शब्द सुनावले. त्याची घागर घरून वाहून आणलेली होती, विहीर कोरडी ठणठणीत होती. पुढे त्या कोरड्या विहिरीला पाणी आलं आणि भास्कर पायावर पडला, हे दासगणूंच्या पोथीत आहेच. आपण चमत्काराकडे सरळ जातो. मी म्हणतो, चमत्काराच्या आधीच्या क्षणात थांबू. डोक्यावरून आणलेली घागर, दिवसभराचं काम बाकी, आणि समोर एक उघडावाघडा अनोळखी माणूस. भास्करात मला देवडीतला तो पहारेकरी दिसतो. तुम्हाला दिसतो का? त्याच्या नाहीचं कारण त्याच्या घागरीत होतं. आपल्या नाहीचं कुठे असतं?

दुसरं गाव अंजनगाव सुर्जीकडचं शेंडगाव. १८७६ मध्ये तिथे डेबूजी जन्मला, तेच गाडगेबाबा. हातात फुटकं गाडगं, त्यातच जेवण, त्यातच पाणी. तहानलेल्याला पाणी, भुकेल्याला अन्न, हे त्यांच्या सांगण्यात देवाच्याही आधी यायचं. आणि त्यांनी बांधलं काय, तर धर्मशाळा. पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला. ज्या डोंगराखाली ते जन्मले त्याच्यावर हे एवढे दरवाजे, आणि त्यांनी आयुष्यभर ज्या इमारती उभ्या केल्या त्यांचं सगळं काम म्हणजे अनोळखी माणसाला आत घेणं. स्वतः मात्र ते कुठल्याच धर्मशाळेत ठाण मांडून बसले नाहीत. १९५६च्या डिसेंबरात अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडीतच गेले.

ऊन कलायला लागलं. वहीत लिहिलेली वेळ पाळायची आहे. उतरू.

शहानूरला नाक्याच्या अलीकडे कुणाच्या तरी ओट्यावर टेकाल. टेकावंच लागतं, गुडघे बोलायला लागलेले असतात. कुडाची, मातीने सारवलेली भिंत, तिच्यावर चुन्याची बोटं. पाच मिनिटं कुणी काही विचारत नाही. मग आतून एक म्हातारी माय बाहेर येते आणि गडवा पुढे करते. स्टीलचा, घासून घासून आतून फिका पडलेला. वर पेला पालथा.

“पानी घ्या जी.”

नाव नाही विचारलं. गाव नाही. जात नाही. ते सगळं नंतर येणार आहे, त्याची खात्री बाळगा. वऱ्हाडात चौकशीला तोटा नसतो. कुठचे, कोणाचे, लेकरंबाळं किती, वावर हाये का, पगार किती, सगळं निघेल. पण त्याचा नंबर दुसरा.

आता तुमचं काय होतं ते बघा, कारण दिवसभरात बघण्यासारखं खरं हेच. पिशवीत तुमची बाटली आहे. तीत दोन घोट उरलेत. मनात येतं: कुठलं पाणी असेल? उकळलेलं नसणार. उद्या परत कामावर जायचंय. तोंडातून आपोआप येतं, “नको नको, आत्ताच प्यालो.” खोटं. सवयीचं. ती भीती वेडगळ नाही, पोट खरंच बिघडू शकतं, जसा त्या पहारेकऱ्याचा संशयही वेडगळ नव्हता. मी तुम्हाला प्या किंवा पिऊ नका असं काहीच सांगणार नाही. गडवा अजून समोर आहे. म्हातारीचा हात लांबवलेलाच आहे, आणि तिला तुमच्या बाटलीची काही कल्पना नाही. तुमच्या देवडीत जो बसलाय, त्याला एकदा नीट बघून घ्या. तो घाबरट आहे, इमानदार आहे, आणि फार दिवस झोपलेला नाही.

आणि मग काय ते ठरवा.

समजा, प्यालात. वरून धार धरून, ओठ न लावता. थोडं नाकात जातं, ठसका लागतो, म्हातारी हसते. “सावकास जी, कोनी मांगं लागलं हाये काय?” आणि तुम्ही हो-नाही म्हणायच्या आत: “चाय मांडतो.”

कोपऱ्यात बाजेवर एक म्हातारा बसलेला असतो. आजोबा कोरकू आहेत, बोलताना मराठीत हिंदी मिसळते आणि नातवाशी बोलताना पूर्ण वेगळी भाषा येते. ही भाषा मराठीच्या नात्यातली नाही, हिंदीच्याही नाही. झारखंडच्या मुंडारीची आणि संथाळीची ती दूरची बहीण. ते मूळचे इथले नाहीत. वर, जंगलात गाव होतं. व्याघ्रप्रकल्पातून जी गावं उठवून खाली अकोटच्या बाजूला आणली त्यांतलं एक. पैसे मिळाले, जमिनीचं सगळ्यांचं सारखं झालं नाही. काही लोक रागावून परत वर गेले, त्यांना पुन्हा खाली आणलं. ते हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. वाघ वाढलेत हेही सांगतात, आणि त्यात थोडी शेखीच असते. जंगलातल्या आपल्या जुन्या गावाला जायचं तर आता त्यांनाही परवानगी लागते. तुमच्यासारखीच. वहीत नाव. हे ऐकून ज्या हाताने पाणी आलं त्या हाताकडे पुन्हा बघावंसं वाटतं. ज्यांच्यामागे दरवाजा बंद झाला त्यांच्या घरात पाणी अजून आधीच येतं. हे चांगुलपण म्हणून कौतुकाने गिळून टाकू नका; थोडं घशात अडकू द्या.

चहा येतो. गुळाचा, आल्याचा. कपाला कान नाही म्हणून बशीत ओतून प्या.

म्हातारा तेवढ्यात विचारतो, “किल्ल्यावर जाऊन आले?”

तुम्ही हो म्हणता आणि महाकाली दरवाज्याचं, नऊगजी तोपेचं सांगायला लागता. ते ऐकून घेतात, पण लक्ष तिकडे नसतं. लहानपणी ते गुरं घेऊन तिथे जायचे, आता पाय चढत नाहीत आणि गुरंही नेऊ देत नाहीत.

“शक्कर तलावात पानी हाये काय अजून?”

जसं पाहिलंत तसं सांगा. खाली गेलंय, कडेला गाळ उघडा पडलाय, हिरवट आहे, पण आहे.

“मंग पावसापावतर पुरते,” ते म्हणतात, आणि लगेच दुसऱ्या विषयावर येतात. उशीर झाला तर मग सकाळशिवाय काही नाही. मुक्काम करायचा तर तसं आत्ताच सांगा, म्हणजे आत चार भाकरी जास्त थापायला सांगता येतील, आणि उगीच पावणे आठला पुन्हा चूल पेटवायला नको.